नावाची पागडी

२०१६ च्या जून महिन्यात बेळगावच्या एका वर्गणीदाराचा आमच्या त्रैमासिकाच्या संपादकांना फोन आला. "सर, तुमच्या वेबसाइटवर रमीची जाहिरात दिसते आहे. आता साहित्याने भागत नाही वाटतं?" सरांना वाटले, थट्टा चालली आहे. सायंकाळी ते माझ्या छापखान्यात आले आणि आम्ही दोघांनी संगणकावर पाहिले. खरेच, जिथे अंकाचे मुखपृष्ठ असायचे तिथे पत्ते आणि नाण्यांचा ढीग होता.

हे त्रैमासिक साताऱ्याहून निघायचे आणि १९९८ पासून माझ्याच छापखान्यात छापले जायचे. २०११ साली सरांच्या एका विद्यार्थ्याने हौसेने त्याचे संकेतस्थळ करून दिले होते. नाव नोंदवताना त्याने स्वतःचा महाविद्यालयातला ई-मेल दिला, पाच वर्षांचे पैसे सरांकडून घेऊन एकदम भरले, आणि पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. मुदत संपत आल्याची पत्रे त्या जुन्या ई-मेलवर येत राहिली. ती वाचायला कोणी नव्हते. मुदत संपली, नाव मोकळे झाले आणि कुणीतरी ते उचलले. मी त्या पानावरच्या चौकशीच्या चौकटीत लिहून विचारले, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले: नाव विक्रीला आहे, किंमत १,८०० डॉलर. म्हणजे त्या वेळचे सुमारे सव्वा लाख रुपये. त्रैमासिकाचा वर्षाचा कागद-छपाईचा खर्चही तेवढा नव्हता.

सर म्हणाले, "नाव आपलं, अंक आपला, आणि पैसे त्यांना का द्यायचे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी या व्यापारात शिरलो. आधी नुसता वाचत होतो, २०१८ पासून स्वतः नावे घेऊ-विकू लागलो. या लेखात त्या व्यापाराची मांडणी करतो आहे. ज्यांना त्यात उतरायचे आहे त्यांना ती उपयोगी पडेल. ज्यांना उतरायचे नाही, पण ज्यांचे एखादे मासिक, वाचनालय किंवा संस्था आहे, त्यांना बहुधा जास्तच पडेल.

०

सुरुवातीला संगणकाच्या जाळ्यावर नावांचा बाजार असेल असे कुणाच्या मनातही नव्हते. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावे एका यादीत मावत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. नवे यंत्र जोडायचे तर त्यांना कळवायचे. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन-व्यवस्था मांडली. एकच यादी एका हातात ठेवण्याऐवजी 'कॉम', 'एज्यु', 'ऑर्ग' अशा शाखा केल्या आणि प्रत्येक शाखेची वही वेगळ्या ठिकाणी ठेवली. 'कॉम'च्या वहीतले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले: सिम्बॉलिक्स डॉट कॉम. ती संगणक बनवणारी कंपनी होती. तिचा धंदा पुढे बसला, नाव मात्र टिकले आणि २००९ मध्ये नावांच्या एका गुंतवणूकदाराने ते विकत घेतले.

१९९५ पर्यंत नाव नोंदवायला पैसे पडत नसत. अर्ज करायचा, आधी येणाऱ्याला आधी मिळायचे, बस्स. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर नावाच्या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकासाठी लिहिताना मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव मोकळे असल्याचे पाहिले. त्याने कंपनीला फोन करून विचारले. तिथे कुणाला त्याचे महत्त्व कळेना, तेव्हा त्याने ते स्वतःच्या नावावर घेतले. पुढे कंपनीने न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या संगणकांसाठी देणगी दिली आणि त्याने नाव सोडले. सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीला शुल्क लागू झाले: पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे वर्षाला ५०. नावाला किंमत आहे हे अधिकृतपणे तेव्हा ठरले. १९९७ मध्ये बिझनेस डॉट कॉम दीड लाख डॉलरला विकले गेले आणि दोनच वर्षांनी ७५ लाख डॉलरला. ती बातमी जगभर गेली, आणि आपल्याकडेही अनेकांनी रात्री जागून नावे नोंदवली.

आजवरच्या जाहीर झालेल्या मोठ्या रोख सौद्यांपैकी एक २०१९ चा आहे: व्हॉइस डॉट कॉम, ३ कोटी डॉलर. असे आकडे ऐकूनच माणसे या व्यापाराकडे वळतात. मीही तसाच वळलो, हे कबूल करतो.

०

सरांच्या प्रश्नाचा अर्धा भाग होता 'नाव आपलं'. तिथेच मोठी चूक होती. डोमेन कुणाच्याही मालकीचे होत नाही.

मुंबईतल्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन समजेल. पागडीच्या खोलीचे भाडे महिन्याला किरकोळ असते. ते वेळेवर भरत राहिलात तर घरमालक तुम्हाला काढू शकत नाही. पण खोली दुसऱ्याला द्यायची तर घेणारा तुमच्या हातात लाखांची पागडी ठेवतो. डोमेनचे तसेच आहे. 'कॉम'ची वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. तिला या व्यवहारात रजिस्ट्री म्हणतात. १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था नियम ठरवते. आपण ज्या दुकानातून नाव घेतो तो रजिस्ट्रार. सप्टेंबर २०२४ पासून व्हेरिसाइन प्रत्येक 'कॉम' नावामागे रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि १८ टक्के जीएसटी मिळून आपल्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भाडे आगाऊ भरता येते, त्याहून अधिक नाही. फरक एवढाच की पागडीत खोली हस्तांतरित होताना घरमालक आपला वाटा मागतो. इथे रजिस्ट्री मागत नाही. ते ३ कोटी डॉलर विकणाऱ्याचे.

मग हा हक्क मालमत्ता आहे की नुसती सेवा? न्यायालयांचे यावर एकमत नाही. अमेरिकेत गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये सेक्स डॉट कॉम फुकट नोंदवले होते. स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने रजिस्ट्रारला एक बनावट पत्र पाठवून ते स्वतःकडे वळवले आणि पुढची काही वर्षे त्यावर अमाप पैसा मिळवला. २००१ मध्ये न्यायालयाने कोहेनला साडेसहा कोटी डॉलर भरायला सांगितले. तो देशाबाहेर पळाला. मग क्रेमेन यांनी रजिस्ट्रारवरच दावा लावला, आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती भलत्याच्या हाती देणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. त्याआधी २००० मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र उलट म्हटले होते: डोमेन हा सेवेच्या करारातून मिळालेला हक्क आहे, कर्जवसुलीसाठी त्यावर जप्ती आणता येणार नाही. पागडीच्या खोलीबद्दलही आपल्याकडे असेच वाद झाले आहेत.

०

नाव गमावण्याची प्रक्रिया नीट समजून घ्यावी. बहुतेक सगळा जुन्या नावांचा बाजार त्यातच उभा आहे.

'कॉम' नावाची मुदत संपली की ते लगेच मोकळे होत नाही. बहुतेक रजिस्ट्रार काही आठवडे सवलत देतात. ही मुदत ४५ दिवसांपर्यंत असू शकते आणि त्यात नेहमीच्या दराने भाडे भरता येते. संकेतस्थळ मात्र या काळात बंद पडलेले असते, आणि बंद पडल्यावरच बहुतेकांना जाग येते. त्यानंतर ३० दिवसांचा परतमुदतीचा काळ. यातही जुन्या धारकाला नाव परत मिळते, पण दंड भरून, आणि तो काही हजारांत जातो. मग पाच दिवस असे की कुणालाच काही करता येत नाही. पाच दिवस संपले की वहीतून नाव पुसले जाते आणि त्याच क्षणी ते कुणालाही घेता येते. हा क्षण टिपण्यासाठी कंपन्या स्वयंचलित यंत्रणा लावून बसलेल्या असतात. आपण आधी मागणी नोंदवून ठेवायची. नाव हाती लागले तरच पैसे, आणि मागणारे एकापेक्षा जास्त असतील तर त्यांच्यात लिलाव. शिवाय बरेच रजिस्ट्रार तिथवर थांबतच नाहीत. सवलतीच्या काळातच ते मुदत संपलेली नावे लिलावात मांडतात आणि जुना धारक आला नाही तर परस्पर नव्या माणसाच्या नावे करतात.

आमच्या त्रैमासिकाचे असेच झाले असावे. पाच वर्षे चाललेले, इतर ठिकाणांहून जोडलेले, गूगलला माहीत असलेले नाव. रमीवाल्याला साहित्याशी देणेघेणे नव्हते. त्याला तयार रहदारी हवी होती.

म्हणून संस्थांना मी आता एकच गोष्ट आधी विचारतो: नाव कुणाच्या खात्यावर आहे? विद्यार्थी, भाचा, वेबसाइट करून देणारा मुलगा यांच्या खात्यावर असेल तर आजच बदलून घ्या. पैसे कुणी भरले याला इथे अर्थ नाही. वहीत ज्याचे नाव तो धारक. जमिनीच्या सातबाऱ्यासारखेच.

०

आता घेण्याविषयी. नवशिक्या पहिल्या महिन्यात जे करतो ते मीही केले. ३४ नावे घेतली आणि ३१,००० रुपये घातले. त्यातली निम्मी नावे पुढे कुणीही विचारली नाहीत. काही आज वाचली तर हसू येते. एक नाव तर एका नामांकित मसाल्याच्या ब्रँडपुढे 'ऑनलाइन' जोडून केलेले होते. मला वाटले, कंपनी धावत येईल. वकील मित्र म्हणाला, "येईल, पण नोटीस घेऊन." मी ते सोडून दिले.

या व्यापाराची लक्ष्मणरेषा तिथे आहे. 'समुद्र', 'कर्ज', 'विमा' हे भाषेतले शब्द. ते आधी येणाऱ्याचे. दुसऱ्याने कष्टाने कमावलेले नाव मात्र आधी नोंदवले म्हणून आपले होत नाही. आपल्याकडे हे लवकर ठरले. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूइंडिया डॉट कॉम वापरणाऱ्याला मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'सारखेच दिसणारे, फक्त एका अक्षराने वेगळे 'रॅडिफ' डॉट कॉम अडवले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या खटल्यात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते असे स्पष्ट केले. दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवणे हा जुना कायद्यातला दोष डोमेनलाही लागू झाला. २०११ मध्ये अरुण जेटली यांच्या नावाच्या डोमेनबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने प्रसिद्ध व्यक्तीच्या नावालाही तेच तत्त्व लावले.

कोर्टात जावे लागतेच असेही नाही. आयकॅनने १९९९ मध्ये लवादाची पद्धत आणली. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या चिन्हासारखे आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले. 'इन' या भारतीय शाखेची वेगळी पद्धत २००५ पासून आहे. तिथे नोंदणी किंवा वापर यांपैकी एकातला दुष्ट हेतू पुरतो. म्हणजे 'इन'मध्ये धारकाची बाजू आणखी लंगडी. आणि दुष्ट हेतूचा सगळ्यात सोपा पुरावा कोणता? चिन्हाच्या मालकाला आपण होऊन पाठवलेले 'नाव विकायचे आहे, एवढे द्या' हे पत्र. नवशिका तेच सर्वांत आधी लिहितो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका तरुण अभियंत्याची बातमी गाजली. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार असा अंदाज बांधून त्याने दोन्ही नावे जोडलेले डोमेन आधीच घेऊन ठेवले होते, आणि केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा अशी विनंती त्याच पानावर टाकली होती. अनेकांनी त्याच्या हुशारीचे कौतुक केले. मला त्याचे वाईट वाटले. अंदाज अचूक होता, पण दोन्ही नावे दुसऱ्याची होती, आणि मागणी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ते नाव त्याने पुढे दुबईतल्या दोन भावंडांना दिले.

त्यामुळे नाव घेण्याआधी मी आता दोन गोष्टी पाहतो. व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत तो शब्द शोधतो. ही सोय इंटरनेटवर विनामूल्य आहे. आणि इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहात त्या पत्त्यावर पूर्वी काय होते ते बघतो. जुगार, बनावट औषधे असे काही निघाले तर हात लावत नाही. एखाद्या शाळेचे, वाचनालयाचे जुने पान निघाले तरी नाही. या दुसऱ्या नियमाला धंद्यात काही अर्थ नाही, पण तो माझा आहे.

०

मराठी शब्दांच्या बाजाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे बाहेरच्यांचे सल्ले चालत नाहीत.

इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग एकच असते. मराठी शब्द रोमन लिपीत गेला की त्याला फाटे फुटतात. 'गोधडी' लिहायला पाच जणांना सांगा. कुणी 'ध'साठी डीएच लिहील, कुणी नुसता डी, कुणी मधला ए गाळेल, कुणी शेवटी दोन ई देईल. 'दिवाळी'त तर डब्ल्यू की व्ही इथूनच सुरुवात. डोमेनची किंमत ही ते ऐकून कुणालाही बिनचूक टाइप करता येण्यात असते. फोनवर सांगताना 'एक ए, मग एच' असे म्हणावे लागले की किंमत घसरली. म्हणून मराठीत चालतात ते सुटसुटीत शब्द: 'माती', 'नदी', 'मोगरा'. ते केव्हाच गेले आहेत. हिंदीत आणि इतर भाषांतही तेच शब्द असल्यामुळे गिऱ्हाइके तिथूनही येतात. नवशिक्याला आज मिळू शकतात ती दोन शब्दांची नावे: गाव आणि व्यवसाय, पदार्थ आणि 'घर'. 'पैठणी', 'कोल्हापुरी चप्पल', 'हापूस' यांना भौगोलिक मानांकन आहे. तिथे माल खरा नसेल तर घेणारा अडचणीत येतो, हे विकताना सांगावे.

मग देवनागरीतच नाव का घेऊ नये? ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' ही देवनागरी शाखा सुरू झाली. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. मी उत्साहाने सात नावे घेतली. स्पेलिंगचा घोळ संपला, नाव दिसायलाही सुंदर. पण आतली यंत्रणा देवनागरी जाणत नाही. ती प्रत्येक नावाचे रोमन अक्षरे-आकड्यांत रूपांतर करते. 'भारत'चेच तिथे एक्स-एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच-२-बी-आर-जे-९-सी होते. बऱ्याच ठिकाणी पत्ता चिकटवला की हे कडबोळे उघडे पडते, आणि देवनागरी ई-मेल अनेक सरकारी अर्जही स्वीकारत नाहीत. सात नावांना सहा वर्षांत एकही चौकशी आली नाही. पाच सोडली. दोन ठेवली आहेत, त्याला कारण नाही.

'इन'चा इतिहास मात्र मुंबईशी जोडलेला आहे. पूर्वी ही शाखा जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम इतके कडक की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ च्या आरंभी नियम सैल केले, कारभार निक्सी या संस्थेकडे गेला आणि नावे लाखांत गेली. भारतीय गिऱ्हाइकाला विकायचे असेल तर आज 'इन' पुष्कळ वेळा पुरते. २०१३ नंतर आलेल्या हजारभर नव्या शाखांपासून नवशिक्याने लांब राहावे. पहिल्या वर्षी ९९ रुपये आणि दुसऱ्या वर्षी तीन हजार, असे तिथे सर्रास चालते. देशांच्या शाखांत मात्र मोठी गंमत आहे. अँग्विला या कॅरिबियन बेटाच्या वाट्याला 'एआय' ही दोन अक्षरे आली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३ साली त्या चिमुकल्या सरकारला नोंदणीतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. तुवालूला 'टीव्ही' मिळाले होते. त्या पैशातून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च भागवला.

०

विकण्याचा पहिला अनुभव २०१९ चा. कोकणातल्या एका गावाचे नाव आणि 'होमस्टे' असे माझे डोमेन होते. एका संध्याकाळी फोन आला.

"काका, ह्या नावाचे किती घेणार?"

मी पंचवीस हजार सांगितले.

"अहो, हजाराचं नाव! मी बघितलंय, नवीन घेतलं तर हजारच पडतात."

"मग नवीन घ्या की."

"ते तुमच्याकडे आहे ना!"

दोघेही हसलो. अठरा हजारांवर ठरले. पण आता पैसे आधी की नाव आधी? ओळख नाही, पाळख नाही. यावर एस्क्रोची सोय असते. घेणारा पैसे तिसऱ्याकडे ठेवतो, विकणारा नाव हस्तांतरित करतो, घेणाऱ्याने होकार दिला की तिसरा पैसे मोकळे करतो. मोठ्या सौद्यात हीच पद्धत वापरावी. आमचा सौदा लहान होता. त्याने अर्धे आधी पाठवले, मी त्याला त्याच रजिस्ट्रारकडे खाते उघडायला सांगून नाव त्याच्या खात्यात सरकवले, दहा मिनिटांत उरलेले आले. वेगळ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असते तर कुलूप काढून एक सांकेतिक शब्द द्यावा लागला असता आणि पाच-सहा दिवस लागले असते. नवे घेतलेले नाव पहिले साठ दिवस असे दुसरीकडे नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बहुतेक विक्री मात्र अशी फोनवर होत नाही. सेडो, आफ्टरनिक यांसारख्या बाजारांत नाव किंमत लावून ठेवायचे आणि वाट पाहायची. ते साधारण १५ ते २० टक्के दलाली घेतात. किंमत ठरवताना नेमबायोसारख्या संग्रहात जुने सौदे पाहावेत. आपोआप किंमत सांगणाऱ्या यंत्रांवर विसंबू नये. एक फसवणूकही तिथूनच होते. अनोळखी 'गिऱ्हाईक' मोठी रक्कम कबूल करते, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणा म्हणते. दाखल्याचे पैसे आपण भरतो आणि गिऱ्हाईक नाहीसे होते.

अनुभवी लोक सांगतात की शंभर नावांतून वर्षाला एक-दोन विकली गेली तर ठीक चालले आहे. माझा हिशेब देतो. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत सुमारे १,३९,००० रुपये खर्च झाले. चार नावे विकली. १८,०००, साडेअकरा हजार, ४२,००० रुपये, आणि एक इंग्रजी नाव १,४०० डॉलरला, ज्याचे दलाली वजा जाता ८४,००० हाती आले. म्हणजे सात वर्षांत साडेसोळा हजारांचा नफा, तोही त्या एका डॉलरच्या सौद्यामुळे. तेवढा वेळ मुद्रिते तपासली असती तर यापेक्षा जास्त मिळाले असते. ज्यांच्याकडे हजारो नावे आहेत त्यांचे गणित वेगळे. दोन हजार नावांचे भाडे भरू शकणाऱ्यालाच त्यातली तीस विकली जाईपर्यंत थांबता येते. लहान माणसाने दहा-बारा नावे, वर्षाचे भाडे सहज सोसेल एवढीच, आणि विकले गेले नाही तर कुठल्या वर्षी सोडायचे हे घेतानाच वहीत लिहून ठेवावे. मी लिहिले नव्हते.

०

त्रैमासिक २०२० मध्ये बंद पडले. टाळेबंदीत टपाल थांबले आणि नंतर ते पुन्हा उभे राहिले नाही. पुढच्या वर्षी सर गेले.

त्यांच्या त्या डोमेनवर मी अधूनमधून नजर टाकत असे. रमी जाऊन नुसती 'विक्रीस आहे' अशी पाटी आली. १,८०० डॉलरचे ९०० झाले, मग ४५०. कुणी घेतले नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुदत संपल्याचे दिसले. मी दिवस मोजत राहिलो. सवलतीचे, मग तीस, मग पाच. मागणी दोन ठिकाणी नोंदवून ठेवली होती, पण तिची गरज पडली नाही. त्या व्यापाऱ्याने नाव सोडून दिले होते आणि दुसरा कुणी मागणारा नव्हता. मोकळे झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या दुकानातून नेहमीच्या भावाने ते घेतले. दहा वर्षांचे भाडे एकदम भरले, तेरा हजारांच्या आसपास. वर दिलेल्या हिशेबात ही रक्कम धरलेली नाही.

सध्या त्यावर एक पान आहे: सरांचे नाव, आणि १९९८ ते २०२० मधल्या ८१ अंकांची यादी. छापखान्यातल्या फायली, सरांच्या घरचे गठ्ठे आणि बेळगावच्या त्या वर्गणीदाराकडचे अंक मिळून ५८ सापडले. ते स्कॅन करून चढवतो आहे. २३ बाकी आहेत, बहुतेक पहिल्या सहा वर्षांतले.

मुदत २०३३ च्या नोव्हेंबरात संपते. मी तेव्हा ७७ वर्षांचा असेन. खाते मुलीच्या ई-मेलवर केले आहे. ती हा ई-मेल रोज उघडते का, हे मी दर दिवाळीला विचारतो.